गावंडे सरांची टोळी

आमच्या सोसायटीत भांडण पेटलं की दोन गोष्टी हमखास घडतात. वॉचमनला पाण्याच्या टाकीची आठवण होते आणि तो गच्चीवर निघून जातो. आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गावंडे सर काखेत घडीची खुर्ची मारून खाली पार्किंगमध्ये उतरतात.

खुर्ची ते भांडणाच्या अगदी जवळ मांडत नाहीत. जवळ गेलं की म्हणे टोळी बुजते. जरा लांब, बोअरिंगच्या पंपाशेजारी बसतात, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसतात आणि बघत राहतात. मध्ये पडत नाहीत, समजूत घालत नाहीत, मोबाइलवर शूटिंग तर नाहीच नाही. परवा चारशे दोनच्या गाडीचा आरसा पाचशे एकच्या स्कूटरने मोडला तेव्हा दोघांनी एकमेकांचं शिक्षण, संस्कार आणि मूळ गाव असं सगळं काढलं. मग दोघं आपापल्या घरी गेले आणि दोन दारं एकदमच आपटली. सरांनी शांतपणे खुर्ची मिटली आणि कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "माकडं असती, तर एव्हाना एकमेकांच्या उवा काढत बसली असती."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर ते म्हणतात, टीव्हीवरची चर्चा संपल्यावर म्हणतात, आमच्या घरात माझं आणि श्रीकांतचं वाजलं की भिंतीपलीकडून खोकून मग म्हणतात. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. त्याच्या डोक्यात शोधायला फारसं काही उरलेलं नाही, त्यामुळे मी त्या सूचनेचा कधी गांभीर्याने विचार केला नाही.

गावंडे सर मूळचे अमरावतीकडचे. पुण्यातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक माथेरानला जात, तेव्हा सर मेळघाटात जाऊन वानरांच्या टोळ्यांसमोर बसून राहत. वानर, माकड नव्हे. हा फरक आमच्या बिल्डिंगमध्ये आता दूधवाल्यालासुद्धा पाठ आहे. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं आणि लांब शेपटीचं ते वानर. "आणि तोंड पाडून बसतो तो माणूस," असं सर पुढे जोडतात.

आमची पहिली ओळख लिफ्टमध्ये झाली. नवा शेजारी म्हणून मी त्यांच्याकडे बघून माझं खास सोसायटीतलं हसू हसले. माझ्या मते ते बऱ्यापैकी प्रसन्न आहे. सर एक पाऊल मागे सरकले आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "घाबरू नका ताई. मी कोणाला काही करत नाही."

"मी कुठे घाबरले? मी हसले."

"तेच ते. असे दात दाखवणं हे माकडांत भीतीचं लक्षण असतं. वरचढ नराला सांगायचं असतं, की बाबा रे, मी गरीब आहे, मला मारू नको. आपलं हसू तिथूनच आलं असावं असं म्हणतात."

घरी येऊन मी हे श्रीकांतला सांगितलं. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे तू इतकी वर्षं माझ्या आईसमोर हसत होतीस ते..." त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये तोंड मिटून हसते. लोकांना वाटतं, हिचे दात दुखतायत.

सरांना एकट्याने जेवता येत नाही. हे त्यांनीच आम्हाला पहिल्या महिन्यात बजावून सांगितलं, आणि तेही एखादा वैद्यकीय आजार सांगावा तसं. "चिंपांझीला घड मिळाला की तो आधी कोपरा शोधतो. दुसऱ्याने हात पसरला, फारच मागे लागला, तर एखादा तुकडा देतो. आपण होऊन दुसऱ्याच्या ताटात वाढणारं जनावर म्हणजे माणूस. मग मी कोपऱ्यात बसून खाल्लं, तर इतक्या लाख वर्षांची मेहनत पाण्यात नाही का गेली?" इतक्या लाख वर्षांची जबाबदारी माझ्या स्वयंपाकघरावर येऊन पडल्यावर मी तरी काय म्हणणार? तेव्हापासून रोज रात्री बेल वाजते आणि दारात सर असतात, हातात झाकलेलं भांडं. त्यात कधी वांग्याचं भरीत, कधी पाटोडीची भाजी, आणि कायम इतकं तिखट की आमच्या कोथरूडच्या जिभा दुसऱ्या दिवसापर्यंत रजेवर जातात.

जेवताना ते शिकवतात. एकदा ताटलीत एकच गुलाबजाम उरला होता. श्रीकांत मोठ्या संयमाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होता. सर म्हणाले, "श्रीकांतराव, तुमची बुबुळं बघा. भोवती किती पांढरं आहे! म्हणून तुमची नजर कुठे घसरते ते टेबलाच्या पलीकडूनही दिसतं. बहुतेक वानरांच्या डोळ्यात हे एवढं पांढरं नसतं, त्यांना चोरून बघता येतं. माणसाला ती सोय नाही. माणसाच्या मनात काय आहे ते शेजारच्याला दिसावं, अशीच त्याची घडण आहे."

"मग माझ्या मनात काय आहे?" श्रीकांतने विचारलं.

"गुलाबजाम," सर म्हणाले, आणि तो त्यांनी श्रीकांतच्या ताटात वाढला.

एकाच विषयावर मी त्यांना चिडलेलं पाहिलं आहे. आमची मुलगी सई परीक्षेसाठी मोठ्याने वाचत होती, की माणसाचे पूर्वज माकड होते. सर ताटावरून अर्धे उठले. "पूर्वज नाही! कोणी लिहिलं हे? भावकी! चिंपांझी, गोरिला ही आपली भावकी आहे. मूळ पुरुष एक, पुढे वाटण्या झाल्या. ते रानात राहिले, आपण बाहेर पडलो. चुलत घराणं आहे ते. सगळं तसंच आहे, तीच नखं, तेच कान, तीच लेकराला छातीशी धरायची पद्धत. फक्त जाणं-येणं बंद आहे." मग खाली बसून, भात कालवत ते म्हणाले, "भावकीचं असंच असतं. पटत नाही आणि सुटत नाही."

सईने 'पूर्वज' खोडून 'भावकी' लिहिलं. परीक्षेत त्याचा अर्धा मार्क गेला.

सर पुण्यात छापील मराठी बोलतात, ळ आणि ण अगदी स्वच्छ. पण फार राग आला किंवा फार बरं वाटलं, की अमरावती वर येते. 'मला'चं 'मले' झालं की समजावं, आता सर घरी गेलेत. त्यांना तसं पूर्ण घरी गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या भाचीच्या लग्नाच्या वेळी.

मी पत्रिका घेऊन त्यांच्या दारात गेले. हळदकुंकू लावलेली, वर चार अक्षता. समोरचंच तर घर, त्यामुळे मी गाउनवरच गेले होते. सरांनी ओल्या हातांनी पत्रिका घेतली, मग काहीतरी आठवल्यासारखी मला परत दिली, हात पुसून आले आणि दोन्ही हातांनी पुन्हा घेतली.

"घरी येऊन दिली तुम्ही," ते म्हणाले.

"अहो, दोन पावलांवर तर आहे."

"पावलांचं नाही ना ताई. मले माझ्या दादाने फोनवर पाठवली होती."

मग दारातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. मी गाउनमध्ये, हातात हळदकुंकवाची कोयरी, आणि लिफ्टमधून ये-जा करणारे लोक आम्हा दोघांकडे बघतायत. पण मला तिथून हलता येईना.

वडील लवकर गेले. दादा, म्हणजे दिनकरराव, सरांपेक्षा बरेच मोठे. त्यांनी शाळा सोडली, पुण्यात एका सरकारी कचेरीत चिकटले आणि धाकट्या भास्करला, म्हणजे आपल्या सरांना, इकडे आणून शिकवलं. दादांचं लग्न झालं, मुलगा झाला, विश्रांतवाडीला फ्लॅट झाला. सरांना तिथे हक्काची गादी होती. पुतण्या त्यांच्या खांद्यावर वाढला. आणि त्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका सरांच्या मोबाइलवर येऊन पडली. मागे ना फोन, ना निरोप.

"मी म्हटलं, ठीक आहे, गडबडीत असतील. येतील. सख्ख्या भावाकडे कोणी तरी येईलच ना आवतण द्यायला? निदान पोरगा येईल. हळदीच्या दिवशी मी दार उघडं ठेवून बसलो. लग्नाच्या दिवशी नवा कोट घालून बसलो. त्या कोटात मले दुपार झाली, ताई."

"आणि गेला नाहीत?"

"आवतणाशिवाय?"

त्याला आता काही वर्षं झाली होती. त्यानंतर सरांनी दादांना फोन केला नाही, दादांनी सरांना केला नाही. मी आपली नेहमीची पुणेरी समजूत काढायला गेले, की तुम्ही लहान आहात, तुम्हीच करा फोन. सर म्हणाले, "ताई, वानरांत अबोला नसतो. मारामारी होते, कान फाटतात, पण अबोला नाही. त्यासाठी आधी बोलता यावं लागतं. आपण बोलायला शिकलो, आणि न बोलायलाही."

रात्री जेवताना हा विषय निघालाच. श्रीकांत स्वभावाने सरळ आहे, म्हणजे नको तिथे सरळ. तो म्हणाला, "पण सर, तुम्हीच तर म्हणता ना, भांडण झालं की उवा काढत बसावं?"

सरांनी ताकाची वाटी ढवळली. मग म्हणाले, "दादाले टक्कल आहे."

आम्ही हसलो. सरही हसले, दात दाखवून. तेव्हा मला त्यांचाच लिफ्टमधला धडा आठवायला हवा होता. आठवला नाही.

सरांचा रविवार मात्र टोळीसाठी राखलेला असायचा. सकाळी पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, आणि बसने प्रयाण. आळंदी रस्त्याकडच्या टेकडीवर वानरांची एक टोळी आहे, ती बघतो, असं त्यांनी सांगितलं होतं. मी आठवणीने पोळीची गुंडाळी द्यायचे आणि वानरांसाठी म्हणून शेंगदाणे. संध्याकाळी आल्यावर जेवताना त्या टोळीचं वर्तमान ऐकायला आम्हालाही गोडी लागली होती. सई तर फोन बाजूला ठेवून ऐकायची.

"आज म्हातारा नर उन्हात बसला होता. पाठीला ऊन घेत."

"आणि ती म्हातारी?"

"ती सारखी खेकसते त्याच्यावर. तो ऐकत नाही. मानही वळवत नाही. पण ती उठून गेली की लगेच इकडेतिकडे बघतो."

पुढे टोळीत नवं पिल्लू आलं. त्याची बातमी सरांनी पेढे घेऊन दिली. वानराच्या पिल्लाचे पेढे खाणारं कोथरूडमधलं आमचं एकमेव कुटुंब असावं. "पिल्लू अजून चालत नाही, पण म्हाताऱ्याच्या कानाला लोंबकळतं. आणि म्हातारा, ज्याने आयुष्यात कधी कोणाला कानाला हात लावू दिला नाही, तो तस्सा बसून राहतो." हे सांगताना सर स्वतःचा कान चोळत होते.

मग एका रविवारी ते लवकर परतले. भांडं आणलं, पण जेवले नाहीत. "म्हातारा नर दिसला नाही," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी तेच. चेहरा उतरलेला. "कोणीच दिसलं नाही. म्हातारीही नाही."

"अहो, असतील दुसऱ्या झाडावर," मी म्हटलं. वानरांच्या बाबतीत मी आता तज्ज्ञ झाले होते. "तुम्हीच नाही का म्हणत, टोळी जागा बदलते?"

"नाही बदलत. त्याचा टॉवेल असतो ना गॅलरीत वाळत. तोही नव्हता."

श्रीकांतचा घास हातात राहिला. सईने माझ्याकडे बघितलं.

"सर," श्रीकांत हळूच म्हणाला, "वानराचा टॉवेल?"

सरांच्या डोळ्यांतलं सगळं पांढरं आम्हाला दिसत होतं. मग ते म्हणाले, "विश्रांतवाडीले दादाच्या सोसायटीसमोर बसस्टॉप आहे. तिथून गॅलरी नीट दिसते."

म्हणजे इतके रविवार हा मनुष्य सख्ख्या भावाच्या घरासमोर, बसस्टॉपवर, दुर्बीण लावून बसत होता. बस येत होत्या, जात होत्या. माझे शेंगदाणे कोण खात होतं, तेही त्या क्षणी कळलं. आणि ते पिल्लू म्हणजे पुतण्याचं मूल. त्याचे आम्ही पेढे खाल्ले होते, आणि सरांनी त्याला एकदाही हातात घेतलं नव्हतं.

"पण मग वॉचमनला विचारायचं ना, घरातले कुठे गेलेत!" मी जवळजवळ ओरडलेच.

"विचारलं असतं," सर म्हणाले. "आणि त्यानं सांगितलं असतं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला कळवलं की मला बरं नाही, आणि गाडीची किल्ली घेतली. श्रीकांत नेमका गावाला निघाला होता. त्यामुळे मीच चालवणार होते, आणि माझ्या गाडी चालवण्याबद्दल सोसायटीत जे बोललं जातं ते थोडंफार खरं आहे. मी दुसऱ्या गिअरच्या पुढे माणसावर विश्वास ठेवत नाही. सर शेजारी बसले, इस्त्रीचा सदरा, मांडीवर संत्र्यांची पिशवी. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. एरवी सर अशा वेळी हद्दीच्या आरोळ्यांवर व्याख्यान देतात. त्या दिवशी संगमवाडीचा पूल ओलांडला, विश्रांतवाडीचा चौक आला, तरी त्यांची मान वर झाली नाही. फक्त एका संत्र्याचं देठ नखाने कोरत होते.

सोसायटीसमोर मी गाडी लावली, म्हणजे बंद पडली तिथे राहू दिली. सर उतरेनात.

"चला सर."

"ताई, आवतण नाही."

पुण्यात इतकी वर्षं काढून माझ्यात जो काही खवचटपणा मुरला आहे, तो सगळा त्या क्षणी जिभेवर आला होता. पण त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. त्यातल्या संत्र्याची अर्धी साल निघाली होती. मी उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि भर रस्त्यात वाकून म्हटलं, "गावंडे सर, आपण सहकुटुंब, सहपरिवार, संत्र्यांसह यावं, ही आग्रहाची विनंती."

बसस्टॉपवरची माणसं बघत होती. सर उतरले.

दार वहिनींनी उघडलं. बुटक्या, ठसठशीत कुंकवाच्या, पदर कमरेला खोचलेल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काल संध्याकाळीच येऊन गेलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "या, भाऊजी." आत गेल्या, पाण्याचे दोन पेले आणले. सरांनी पेला तोंडाला लावला, तेव्हा कमरेवर हात ठेवून विचारलं, "लग्नाले काहून नाही आले?"

सरांना ठसका लागला. "मले आवतन कुठी होतं, वहिनी?"

"घरच्या मानसाले कोनी आवतन देते काय? आवतन पाहुन्याले देतात! तुमच्या दादानं मुहूर्त थांबवून ठेवला होता. गुरुजी घड्याळ दाखवून रायले, आन् हे म्हने, भास्कर येऊ द्या, त्याच्याशिवाय अक्षता टाकू देत नाही. मानसं कुजबुजून रायली. शेवटी नवरीच्या बापानं हात जोडले, तवा टाकल्या."

सर उभेच होते. त्यांनी पाण्याचा पेला तसाच वहिनींच्या हातात परत दिला.

"दादा कुठे आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

वहिनींचा आवाज खाली आला. "आहेत आतल्या खोलीत. अर्धांगाचा झटका आला होता. काल रातीच दवाखान्यातून आनलं. उजवा हात गेला, आन् वाचा गेली. फक्त 'हो' म्हनतात. काहीही विचारा, 'हो'. पोराले म्हटलं होतं, काकाले कळव. तो म्हने, काकानं इतक्या वर्षांत फोन केला नाही, माह्या लेकराचं तोंडही पाह्यलं नाही, मी नाही कळवत." पदराने कपाळ पुसून त्या म्हणाल्या, "तुमी सारे गावंडे एकाच झाडाचे."

आतल्या खोलीत खिडकीशी पलंग होता. त्यावर दादा बसले होते, लोडाला टेकून. मोठा देह, आता सैल झालेला, अंगात बंडी, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणी दुसऱ्याने ठेवल्यासारखा. सरांना बघून त्यांचे डोळे हलले. बाकी चेहऱ्यावर काय आहे ते मला वाचता आलं नाही. अर्धा चेहरा तर काही सांगतच नव्हता.

सर पलंगापाशी जाऊन उभे राहिले. संत्र्यांची पिशवी कुठे ठेवावी ते सुचेना, म्हणून ती हातातच राहिली.

"दादा, ओळखलं काय?"

"हो," दादा म्हणाले. आवाज मात्र खणखणीत होता.

"माह्यावर राग आहे?"

"हो."

"माहीच चूक झाली दादा. मीच यायले पाहिजे होतं ना?"

"हो."

"का तुही चूक होती? फोन तरी करायचा होता तू."

"हो," दादा तितक्याच ठामपणे म्हणाले.

दारातून वहिनी म्हणाल्या, "पाह्यलं? जन्मात कधी स्वतःची चूक कबूल केली नाही या मानसानं. आता सार्‍यालेच हो." आणि त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

सरांनी एकेक प्रश्न फिरवून विचारून पाहिला. राग गेला का? हो. राग आहे का? हो. मी राहू? हो. मी जाऊ? हो. कुठूनही गेलं तरी तेच दार उघडत होतं. इतकी वर्षं जे एक उत्तर ऐकायला सर बसस्टॉपवर बसले होते, ते देण्याची सोयच दादांकडे उरली नव्हती.

मग दादा हलले. डाव्या हाताने त्यांनी पलंगाची कड पकडली, आणि कण्हत, रेटत, सगळं अंग हळूहळू फिरवलं. वहिनी सावरायला धावल्या, तर त्यांना त्यांनी कोपराने दूर केलं. अखेर ते भिंतीकडे तोंड करून बसले. सरांकडे पाठ.

म्हणजे हेच उत्तर. वहिनी घाईघाईने म्हणाल्या, "भाऊजी, तुमी वाईट वाटून घेऊ नका. डॉक्टर म्हनतात, असं होते यांचं, चिडचिड होते." मीही पुढे झाले. सरांच्या दंडाला हात लावून बाहेर काढावं, असं मनात होतं.

सर माझ्याकडे बघतच नव्हते. ते त्या पाठीकडे बघत होते. मेळघाटात काढलेल्या सगळ्या उन्हाळ्यांत ते असंच बघत असतील, असं मला वाटलं. त्यांनी संत्र्यांची पिशवी खाली फरशीवर ठेवली, पलंगावर चढून दादांच्या मागे मांडी घातली, बंडी वर सारली आणि दोन्ही हातांच्या नखांनी पाठ खाजवायला लागले. आधी खांद्यापाशी, हलक्या हाताने. मग कण्याच्या कडेने, खाली.

दादांची मान पुढे झुकली. डोळे मिटले. घशातून एक लांब, खोल आवाज आला. तो 'हो' नव्हता, कुठलाच शब्द नव्हता.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या. "दवाखान्यात कोनाले हात लावू देत नव्हते पाठीले," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नर्सलेही नाही. मलेही नाही."

सरांनी मला काहीही समजावून सांगितलं नाही, हे विशेष. सरांची बोटं मान, खांदे, पाठ असं सावकाश फिरत राहिली. पाठीवर एक वाळलेली खपली होती, ती त्यांनी नखाने अलगद काढली, उजेडात धरून पाहिली आणि बाजूला टाकली. मग पुन्हा कामाला लागले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

चहा झाला, तो तसाच राहिला. उन्हाचा पट्टा पलंगावरून फरशीवर उतरला. माझी गाडी रस्त्यात वेडीवाकडी उभी आहे, हे खालून येणाऱ्या हॉर्नवरून कळत होतं.

"सर," मी शेवटी हळूच विचारलं, "निघायचं का?"

"हो," दादा म्हणाले.

सर हलले नाहीत. दादांनीही पाठ हलवली नाही.

"बरं, मग मी एकटीच निघते," मी म्हटलं.

"हो," दादा पुन्हा म्हणाले, आणि दिवसभरातलं तेवढं एक उत्तर त्यांनी नीट विचार करून दिलं, असं मला वाटलं.